मोहिनी हिलमची मूळरेघ

मोकल बाई खोटं बोलण्यात कच्च्या होत्या. नणंदेच्या हातची आमटी छान झालीय, एवढंसुद्धा त्यांना सरळ चेहऱ्यानं म्हणता येत नसे. अशा बाईनं साडेतीन महिने, रोज साडेदहा ते पाच, एका नऊ वर्षांच्या मुलीचं सोंग घेतलं आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नाही, ही गोष्ट त्यांची त्यांनाच खरी वाटत नसे.

कारण होतं पट. वावळवाडीच्या शाळेत दोन खोल्या, एक हातपंप, दोन शिक्षक आणि पटावर वीस मुलं. विसाची एकोणीस झाली की शाळा बंद, आणि मुलांनी खिंड चढून अकरा किलोमीटरवरच्या केंद्रशाळेत जायचं. कागदावर त्याला समायोजन म्हणत. प्रत्यक्षात कातकऱ्यांची पोरं खिंड चढून शाळेत जात नाहीत, ती शाळा सोडतात. शेजारच्या दोन वाड्यांचं समायोजन बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

दिवाळी झाली की वाडीतली काही घरं वीटभट्टीवर जात. त्या वर्षी बेबी हिलम निघाली तेव्हा ती आपल्या मोहिनीचा हात धरून शाळेच्या पायरीशी आली.

"बाई, हिला मागं कुनाकडं ठेवू? घेऊन जाते. पन नाव तेवढं राहू द्या हिचं. होळीच्या आत येतोच."

"राहील," बाई म्हणाल्या.

यात त्यांना काही विशेष वाटलं नाही. भट्टीवर गेलेल्या पोरांची नावं राखायची आणि त्यांची हजेरी पेनानं लावायची, ही त्या भागातल्या शाळांची जुनी रीत होती. साहेबांनाही ती माहीत होती, आणि माहीत नसल्यासारखं करायचं हीही रीतच होती. पण नोव्हेंबरात पट्ट्या आल्या आणि पेनाची हजेरी संपली.

आरोग्यपट्टी मनगटावर घड्याळासारखी बसे. कातडीचं तापमान, नाडी, रक्तातला प्राणवायू आणि घामातले क्षार एवढं ती दर मिनिटाला मोजी. पण तिची खरी हुशारी त्याच्या पुढची होती. ताप किती म्हणजे जास्त आणि नाडी किती म्हणजे जलद, याचा एकच आकडा सगळ्यांना लावला तर चुका होतात, कारण प्रत्येक शरीराची चाल वेगळी. एखादं मूल मुळातच गार असतं, एखाद्याची नाडी बसल्या जागी पळत असते. म्हणून पट्टी पहिले एकवीस दिवस काहीच बोलत नसे. ती नुसती त्या मुलाला शिकत असे. सकाळी कसं असतं, जेवल्यावर कसं, पळून आल्यावर किती वेळात शांत होतं. त्यातून त्या मुलाची मूळरेघ तयार होई. पुढं पट्टीला एकच प्रश्न ठाऊक असे: आज हे मूल स्वतःच्या मूळरेघेपासून किती लांब गेलंय? जवळ असेल तर दिवा हिरवा, लांब गेलं तर पिवळा, फारच लांब गेलं तर लाल. लाल झाली की फोन करायचीही गरज नव्हती. हमरस्त्यावरून आरोग्यगाडी आपोआप निघे.

पट्टी कामाची होती, हे मान्य करायलाच हवं. डिसेंबरात तिसरीतल्या एका मुलाचा न्यूमोनिया तिनं खोकला सुरू व्हायच्या आत पकडला. गाडी आली, मुलगा सहा दिवसांत बरा होऊन परतला, आणि त्या दिवसापासून सगळी वाडी पट्टीला मानू लागली. पोर रडलं तरी आया आधी मनगट बघू लागल्या.

पट्टीबरोबर शालेय आरोग्य नियमावलीही आली होती. तिचं नववं कलम शिक्षकांना तोंडपाठ होतं: पट्टी हिरवी असताना विद्यार्थ्यास आजारी समजू नये, वर्गाबाहेर ठेवू नये, घरी पाठवू नये, औषध देऊ नये. हे कलम उगाच आलं नव्हतं. पूर्वी डोकं दुखतंय म्हणून घरी पाठवलेलं पोर तासाभरात शेळ्यांमागे दिसे. आणि कुठल्याशा शाळेत एका मास्तरांनी पोटदुखीवर भलतीच गोळी दिल्याचं प्रकरण विधानसभेपर्यंत गेलं होतं. त्यापेक्षा मास्तरांनी अक्कल वापरूच नये, हे सरकारला सोयीचं वाटलं. बऱ्याच मास्तरांनाही वाटलं.

वीस नावांच्या वीस पट्ट्या आल्या. जी पट्टी सलग सात दिवस कुणाच्या अंगावर दिसणार नाही, तिचं नाव पटावरून आपोआप जाणार होतं. मोहिनीची पट्टी दुसऱ्या एखाद्या मुलीच्या दुसऱ्या हाताला बांधणं शक्य नव्हतं, कारण दोन पट्ट्यांवर एकच नाडी यंत्रानं तेव्हाच पकडली असती. शाळेत यादीबाहेरची शरीरं दोनच होती. सूर्यवंशी सरांचं मनगट पट्टीत मावेना. बाईंचा हात बारीक होता. त्यांनी सहाव्या दिवशी पट्टी डाव्या हाताला बांधली, वर लांब बाह्यांचा ब्लाउज घातला आणि त्या फळ्याकडे वळल्या.

बाईंचं वय एक्कावन्न. पाळी जाण्याच्या वाटेवर होती आणि जाता जाता छळत होती. या वयात मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग फार हळवा होतो. काही कारण नसताना त्याला वाटतं की शरीर तापलं. मग तो रक्त कातडीकडे लोटतो, घाम सोडतो, हृदय पळवतो. पाच-दहा मिनिटांनी सगळं निवतं आणि उलट थंडी वाजते. बाईंना हे दिवसातून सात-आठ वेळा होई. पट्टीनं ते सगळं इमानदारीनं टिपलं. मोहिनी हिलम नावाचं हे शरीर दिवसातून सात-आठ वेळा पेटतं, घामानं भिजतं, धडधडतं, मग गार पडतं आणि तरीही ठीक असतं, एवढं ती एकवीस दिवसांत शिकली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी मोहिनीची मावशी तिला भट्टीवरून घेऊन आली. होळीला अजून दहा दिवस होते. "बेबीनं फुडं पाठवली. शालेत बसूंदे बोलली," मावशी एवढंच म्हणाली आणि कामावर गेली.

बाईंना इतकं हलकं वाटलं की त्यांनी त्या पोरीला जवळच घेतलं. आता लांब बाह्या नकोत, आता छातीत धाकधूक नको. त्यांनी खोलीच्या कोपऱ्यात जाऊन हातावरची पट्टी काढली, ओल्या फडक्यानं पुसली आणि मोहिनीच्या मनगटाला बांधली. नाडी थोडी वाढलेली पट्टीला दिसली असणार, पण या शरीराचे असले चढउतार तिला सवयीचे होते. दिवा हिरवाच राहिला. खोटं संपलं, असं बाईंना वाटलं.

मंगळवारी दुपारी मोहिनी टेबलाशी येऊन उभी राहिली. "बाई, पाय दुखतो."

बाईंनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. हिरवा. "तीन महिने हुंदडलीस, आता बसून दुखणारच," त्या हसून म्हणाल्या. "जा, पाढे लिही."

बुधवारी सकाळी प्रार्थनेनंतर ती पुन्हा आली. "बाई, थंडी वाजते."

बाहेर ऊन चटके देत होतं. बाईंनी पुन्हा मनगट पाहिलं. पुन्हा हिरवा. "थोडा वेळ ओट्यावर उन्हात बस आणि मग ये," त्या म्हणाल्या. साडेतीन महिने जी पट्टी स्वतःच्या हातावर होती, जिच्यात कुणाचं शरीर भरलंय हे या जगात फक्त त्यांना आणि सूर्यवंशी सरांना माहीत होतं, तिच्यावर त्यांनी इतर सगळ्यांसारखाच विश्वास ठेवला. त्याबद्दल पुढं त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

बारा वाजायच्या सुमाराला बाई फळ्यावर भागाकार मांडत होत्या आणि अंगातून नेहमीची वाफ उसळली. खडू ठेवून त्यांनी पदरानं मान पुसली आणि त्या वर्गाकडे वळल्या. तिसऱ्या रांगेत मोहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिची मान, कपाळ, वरचा ओठ घामानं डबडबलेला. श्वास इतका भरभर की कुडत्याची कॉलर हलत होती. बाईंनी सवयीनं टॅब उचलला आणि तिचा आलेख उघडला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: नेहमीप्रमाणे. खाली मागच्या महिन्यांतले ताप, घाम आणि नाडी यांचे डोंगर एकामागून एक उभे होते.

ते डोंगर बाईंनी ओळखले. ते त्यांचे स्वतःचे होते.

त्या धावत गेल्या. कपाळ भाजत होतं आणि हाताची बोटं बर्फासारखी होती. "मोहिनी, कुठला पाय?" पोरीनं डोळे उघडले, पण ती बाईंकडे न बघता कुठंतरी पलीकडे बघत होती. बाईंनी उजव्या पायाची सलवार वर केली. नडगीला जुनी चिंधी गुंडाळली होती, हळदीनं पिवळी आणि पुवानं चिकटलेली. ती सोडताच जो वास आला त्यानं पुढची मुलं मागं सरकली. जखमेभोवती मांस काळं पडलं होतं आणि तिथून लाल रेघा गुडघ्याच्या वर चढल्या होत्या. जखमेतलं विष रक्तात उतरलं आहे, हे समजायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती.

बाईंनी आरोग्यगाडीचा नंबर फिरवला. पलीकडून यंत्राचा गोड आवाज आला. "विद्यार्थिनी मोहिनी हिलम. स्थिती हिरवी. वाहनाची आवश्यकता नाही. आपला दिवस शुभ जावो."

सूर्यवंशी सर शेजारच्या खोलीतून आले. ते लातूरकडचे. बारा वर्षं घरापासून लांब राहून या महिन्यात त्यांच्या जिल्हाबदलीचा आदेश निघायचा होता, म्हातारी आई तिकडं दिवस मोजत होती. पाय बघायला ते मोहिनीशेजारी खाली बसले.

"तुमच्या गाडीवर घ्या हिला," बाई म्हणाल्या. "मी मागं धरून बसते."

"कुठं न्यायचं बाई? खालच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर कुठाय? पडदाय नुसता. तो पट्टी बघतोय. हिरवी दिसली की गोड औषधाची बाटली देऊन वापस पाठवतोय. मोठा दवाखाना चाळीस किलोमीटर. बेशुद्ध लेकरू मोटारसायकलवर घाटातून नेता येतंय का? गाडीत सलाईन असतंय, प्राणवायू असतोय. गाडीच पाहिजे."

"मग मी सांगते त्यांना. चौदावं कलम आहे. मूळरेघ अविश्वसनीय असल्याची घोषणा शिक्षकाला करता येते."

"कारण विचारतील."

"सांगीन."

"काय सांगणार? तुमची नोकरी जाईल ती जाईल. आत्ता एक नाव खोटं निघालं की मागचा सगळा पट उकरतील. शाळेला उद्या कुलूप लागंल. ह्या एकोणीस लेकरांचं काय करणार?" सरांनी वर्गाकडे नजर फिरवली आणि ते एकदम उभे राहिले. "बाई, एक करता येतंय. दुसऱ्या लेकराची पट्टी हिला बांधू. ती पट्टी खऱ्या लेकरावर शिकलेली आहे. ती लाल होईल का नाही?"

बाईंनी दुसऱ्या रांगेतल्या सुप्रिया वाघला बोलावलं, कारण ती मोहिनीच्याच वयाची आणि चणीची होती. तिची पट्टी काढायला दोन मिनिटं गेली. मोहिनीची पट्टी उतरवून तिच्या मनगटावर ती चढवली तेव्हा दिवा आधी हिरवा होता. मग पिवळा झाला. बाई आणि सर दोघंही गुडघ्यांवर बसून त्या एवढ्याशा दिव्याकडे बघत होते, आणि मुलं त्या दोघांकडे. चौथ्या मिनिटाला दिवा लाल झाला. टॅब बोलला: "सुप्रिया वाघ. तातडीची स्थिती. वाहन निघाले आहे."

सरांनी डोळे पुसले. "आता गाडीत बसल्यावर तोंड उघडू नका. दवाखान्यात माणसं असतात, ती पाय बघून काय ते करतील. नाव सुप्रिया तर सुप्रिया. बरी झाली की बघू."

गाडी पंचवीस मिनिटांत आली. चालक नव्हताच. मागं एक परिचारिका होती, तिशीच्या आतली, बोलण्यात चटपटीत. तिनं मोहिनीला आत घेतलं, प्राणवायूची नळी लावली, सलाईन सुरू केलं. बाई शेजारच्या बाकावर बसल्या. गाडी खिंडीकडे वळली तेव्हा त्यांना पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. पोर वाचणार, शाळा वाचणार. दोन्ही एकदम हाताला लागतील असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"रक्तात पसरलंय," परिचारिका पडद्याकडे बघत म्हणाली. "याला एकच उपाय, जंतुनाशक शिरेतून आणि लवकर. उशीर झाला तर एकेक अवयव बंद पडत जातो." तिनं औषधांच्या कप्प्याला हात लावला. कप्पा उघडला नाही. पडद्यावर काहीतरी आलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अरेरे. सुप्रियाला हे औषध चालत नाही. दोन वर्षांची असताना दिलं होतं तेव्हा घसा सुजून जीव जायची वेळ आली होती, असं नोंदीत आहे. यंत्रानं कप्पा बंद केलाय. दुसरं या गाडीत नाही. दवाखान्यात गेल्यावर देतील."

"किती वेळ?"

"घाट उतरून, पुढं हमरस्ता. पन्नास मिनिटं धरा."

पहिलं वळण गेलं. बाई मोहिनीच्या पायाकडे बघत होत्या. वर्गात गुडघ्याच्या वर बोटभर असलेल्या लाल रेघा आता चार बोटं वर होत्या. दुसरं वळण गेलं. पन्नास मिनिटं काही फार नाहीत, असं त्यांनी स्वतःला समजावलं. दवाखान्यात माणसं असतात. तिसऱ्या वळणावर त्यांच्या डोळ्यांपुढं ती एकोणीस पोरं आली, ओट्यावर ओळीनं खिचडीची ताटं घेऊन बसलेली. चौथ्या वळणावर मोहिनीनं प्राणवायूच्या नळीखालून काहीतरी पुटपुटलं. तिला थंडी वाजत होती. बाईंनी पदर काढून तिच्यावर घातला आणि लाज वाटून तोंड फिरवलं. त्या पोरीनं हेच सकाळी सांगितलं होतं, आणि त्यांनी तिला उन्हात बसवलं होतं.

"ही सुप्रिया नाही," बाई म्हणाल्या.

परिचारिकेला आधी कळलंच नाही.

"हिचं नाव मोहिनी हिलम. पट्टी सुप्रियाची आहे. आम्ही बदलली. हिला ते औषध चालेल."

"बाई, काय सांगताय तुम्ही? या खोट्या नावापायी मी औषध न देता पोरीला मारून बसले असते." तिनं भराभर नाव बदललं, मोहिनीची नोंद काढली. औषध चालणार होतं, पण कप्पा पुन्हा बंदच राहिला. "आता हे म्हणतंय हिला काही झालेलंच नाही. ताप, नाडी, घाम, सगळं हिच्या नेहमीसारखंच आहे म्हणतंय. हे कसं शक्य आहे?"

"ती मूळरेघ खोटी आहे. मला घोषणा करायचीय. चौदावं कलम."

परिचारिकेनं पडद्यावर बोट ठेवलं. यंत्राचा तोच गोड आवाज आला, आणि लाल अक्षरांत सूचना की हे ध्वनिमुद्रण चौकशीसाठी जपून ठेवलं जाईल.

"घोषणा करणाऱ्याचे नाव?"

"ज्योत्स्ना हरेश्वर मोकल. उपशिक्षिका, वावळवाडी."

"मूळरेघ अविश्वसनीय असल्याचे कारण?"

"पट्टी एकवीस दिवस मोहिनीच्या अंगावर नव्हतीच. ती वीटभट्टीवर होती."

"मूळरेघ कोणाची आहे?"

"माझी." बाईंच्या अंगातून त्याच वेळी वाफ उसळली, आणि घामाचे ओघळ कानामागून उतरू लागले. त्यांनी ते पुसले नाहीत. "माझं वय एक्कावन्न आहे. मला ताप नसताना ताप चढल्यासारखं होतं. तुमचं यंत्र तेच शिकलं. आता तरी उघडा तो कप्पा."

कप्प्यात टक्कन आवाज झाला. परिचारिकेनं सुई भरली आणि औषध शिरेत सोडायला सुरुवात केली.

दवाखान्यात शस्त्रक्रिया तीन तास चालली. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. चाळिशीचा थकलेला माणूस होता. "जीव वाचेल असं वाटतंय. गाडीत औषध पडलं म्हणून. पण पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दोन दिवस आधी आली असती तर नुसती जखम साफ करून भागलं असतं." ते ओरडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यवंशी सरांचा फोन आला. साहेब येऊन गेले होते. खोल्यांना कुलपं लागली होती, पट्ट्या जमा झाल्या होत्या. त्यांच्या बदलीचा आदेश थांबला होता. "मुलं अजून ओट्यावर बसून आहेत," ते म्हणाले. "मी घरी जा म्हणालो तरी जाईनात. बाई, तुम्ही बोललात ते बरोबरच केलं म्हणा. पण मला आज तुमच्याशी नीट बोलणं व्हायचं नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

दहाच्या सुमाराला बेबी हिलम आली. भट्टीवरून तशीच निघाली होती. केसांत, भुवयांत विटांची लाल धूळ. तिनं खिडकीच्या काचेतून आत झोपलेल्या मोहिनीला पाहिलं आणि मग ती बाईंच्या पायाशी वाकली. "तुमी व्हतात म्हनून पोर राहिली, बाई. दाक्तर बोलला, गाडीत औशिद दिलं म्हनून."

बाईंनी तिला हाताला धरून उठवलं आणि बाकावर बसवलं. यंत्राला सांगणं सोपं गेलं होतं. हे तसं नव्हतं. तरी त्यांनी सगळं सांगितलं. पट्टी स्वतःच्या हाताला कशी बांधली, ती काय शिकली, ती तशीच मोहिनीला कशी घातली. मध्ये कुठंही थांबल्या नाहीत, आणि शाळा वाचवायला केलं असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

बेबी जमिनीकडे बघत ऐकत होती. मग तिनं विचारलं, "तिनं तुमाला सांगलं नव्हतं का, दुकतंय म्हनून?"

"सांगितलं होतं. दोनदा."

"मंग?"

"मी पट्टी बघितली."

बेबीनं मान हलवली. ती रागावेल, अंगावर धावून येईल, या तयारीनं बाई बसल्या होत्या. बेबी हाताच्या भेगांतली धूळ अंगठ्यानं उकरत होती.

"मला पन सांगलं व्हतं तिनं," ती म्हणाली. "आट दिस सांगत व्हती. वीट पडली पायावर. शेट बोलला, हलद लाव, काम सोडून दवाखान्यात कुटं जातेस. रातची कनायची पोर. मी तिला बोलले, तू शालेत जा, तितं पट्टी हाय, काय असंल तर ती सांगंल. म्हनून पाठवली मी तिला फुडं." तिनं काचेकडे मान वळवली. "आपुन दोगींनी बी तिचं आयकलं नाय, बाई."

बाईंना रडू फुटलं. पदर तोंडात कोंबून त्या रडल्या, आणि बेबी कोरड्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत राहिली.

आतून दवाखान्यातल्या परिचारिकेनं खूण केली. मोहिनी जागी झाली होती. एकीनंच यावं, परिचारिका म्हणाली. बेबी उठली, दारापर्यंत गेली आणि चौकटीला हात लावून थांबली.

"तुमीच जा. तिला काय सांगायचं ते माज्यानं व्हनार नाय. मला इचारवत पन नाय."

बाई आत गेल्या. मोहिनी उशीवर एवढीशी दिसत होती. डोळे खोल गेलेले, ओठांना भेगा. कमरेपासून खाली पांढरी चादर होती. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. दोन्ही हात उघडे, मनगटं मोकळी. तिनं बाईंना ओळखलं आणि ती कसनुसं हसली.

"कसं वाटतंय मोहिनी?"

खरं सांगावं की नाही, याचा ती विचार करत असावी.

"बाई, पाय दुखतो," ती म्हणाली.

"कुठं?"

तिनं हात उचलून चादरीच्या टोकाकडे बोट दाखवलं. "अंगठ्यात. लय दुखतो. आग व्हतेय."

ती ज्या जागेकडे बोट दाखवत होती तिथं चादर सपाट होती. खाटेशेजारच्या यंत्रावर सगळे आकडे जिथं असायला हवे तिथं शांत उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांनी पोरीचा हात दोन्ही हातांत घेतला.

"दुखत असणार बाळा," त्या म्हणाल्या. "सांग मला, कसं दुखतंय?"